अब्बांचं पार्सिपनीतलं व्याख्यान

यंदा रमजान पुन्हा मे महिन्यात आला. सकाळी शेजारच्या घरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं, तो ओला हिरवा वास खिडकीतून आत आला आणि माझ्या तोंडाला आपोआप कोरड पडली. वाटलं, हे असंच सगळं एकदा होऊन गेलेलं आहे. आणि खरंच होऊन गेलेलं होतं.

रमजानचं असं आहे की तो एका ऋतूत टिकत नाही. आपल्या मराठी महिन्यांना अधिक महिना आवरून धरतो, त्यामुळे वैशाख कधी थंडीत कुडकुडत नाही आणि कार्तिक कधी उन्हात करपत नाही. रमजानला असं आवरणारं कोणी नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो बर्फात जातो, पानगळीत जातो, आणि तेहतीसएक वर्षांनी फिरून त्याच उन्हात येऊन उभा राहतो. माणसाला एका ऋतूतला रमजान दोनदा भेटतो, फार तर तीनदा. मागच्या वेळी तो असा आला, त्या उन्हाळ्यात मी छत्तिशीत होते. आता पुढच्या खेपेला मी असेन असं काही वाटत नाही.

मधुमेहामुळे मला हल्ली रोजे जमत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, मुलीने दमही दिलाय. तरी दुपार कलली की मी काही खात नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते आणि ऊन कुंपणावरून उतरायची वाट बघते. इथलं जूनचं ऊन साडेआठ वाजेपर्यंत रेंगाळतं. वाईला असताना या सुमाराला कृष्णेच्या घाटावर दिवे लागून गेलेले असायचे. अब्बा त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले तेव्हा पहिल्याच दिवशी आकाशाकडे बघून म्हणाले होते, "तुमच्या अमेरिकेत सूर्यालासुद्धा ओव्हरटाइम आहे."

अब्बा म्हणजे वाईच्या हायस्कुलातले आतार सर. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवलं. घरात आम्ही दख्खनी बोलायचो, पण काही समजावून सांगायचं असलं की अब्बा मराठीत शिरायचे, आणि तेही असं, की प्रत्येक अनुस्वार कानाला ऐकू यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर त्यांनी भल्याभल्यांची मुलं बाकावर उभी केली होती. पांढरा लेंगा, वर खादीचा सदरा आणि काळी टोपी असे ते न्यू यॉर्कच्या विमानतळावर उतरले, आणि माझ्या मुलीने, रेश्माने, माझा हात ओढून विचारलं, "मम्मी, इज ही फेमस?" मी म्हणाले, "वाईत आहे."

आमच्या गावात, पार्सिपनीत, तेव्हा मराठी घरं बरीच झाली होती. कोणी टेलिफोन कंपनीत, कोणी औषधांच्या, दोन-चार डॉक्टर. माझा नवरा सलीम चिपळूणचा, तोही टेलिफोन कंपनीतच इंजिनियर. आम्ही नव्याने गेलो तेव्हा मराठी मंडळाच्या पहिल्याच कोजागिरीला एक बाई मला म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो." मी म्हणाले, "तुमचंही." त्यांना काही कळलं नाही. पण पलीकडे दूध ढवळत उभी असलेली एक उंच बाई खो खो हसली. ती शुभदा. नागपूरची. त्या हसण्यावर मी तिला आयुष्यातली पंधरा वर्षं देऊन टाकली असं आता म्हणते, पण तेव्हा ते देणं वाटत नव्हतं. परदेशात एक माणूस असं सापडावं लागतं, ज्याच्यासमोर विनोद समजावून सांगावा लागत नाही.

तिला मुलगा झाला तो जानेवारीत. तिच्या आईचा व्हिसा झाला नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि तिचा नवरा अरविंद भेदरून कोपऱ्यात बसलेला. मी रेश्माला घेऊन तिच्याकडे राहायला गेले. डिंकाचे लाडू केले, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, बाळंतिणीचं अंग रगडलं. मला यातलं काहीही येत नव्हतं. वाईला माझी अम्मी फोनवरून सांगायची आणि मी करायचे. शुभदा म्हणायची, "जरीना, माझं माहेर म्हणजे तूच गं." आमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्यांची जागा आणि गाडी एकच, म्हणून मंडळाच्या गणपतीची आरास आमच्याकडे व्हायची. रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग आमच्या बेसमेंटमध्ये भरायचा आणि तो मी घ्यायचे. हे सगळं मी कोणावर उपकार म्हणून करत नव्हते. मला ते आवडायचं. मला वाटायचं, हे माझंच आहे.

अब्बांना ऐकायची कल्पनाही शुभदाचीच. मंडळाने त्या वर्षी उन्हाळ्यात दर महिन्याला एक व्याख्यान ठेवलं होतं. अरविंद अध्यक्ष होता. शुभदा घरी आली, अब्बांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, जूनचं व्याख्यान तुम्ही द्यायचं. विषय तुमचा."

अब्बांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "मी हजरत उस्मानांवर बोलेन. तिसरे खलिफा."

"चालेल की," शुभदा म्हणाली. "मला तर काहीच माहीत नाही त्यांच्याबद्दल."

"म्हणूनच," अब्बा म्हणाले.

निवृत्तीनंतर अब्बांनी हाच एक विषय धरला होता. उर्दूतून, इंग्रजीतून, मिळेल तिथून वाचलं होतं, आणि ते सगळं मराठीत, वाईच्या मराठीत सांगायची त्यांना ओढ होती. मी एकदा विचारलं, "अब्बा, उस्मानच का?" तर म्हणाले, "कारण त्यांनी प्रमाण प्रत तयार केली." कुराणाचे पाठ वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या तऱ्हेने म्हटले जाऊ लागले, भांडणं व्हायला लागली, तेव्हा उस्मानांनी जाणत्या माणसांना बसवून एक पाठ नक्की केला आणि त्याच्या प्रती गावोगाव पाठवल्या. "आज जगात कुठेही उघड, अक्षर तेच," अब्बा सांगायचे. शुद्धलेखनासाठी जन्म घालवलेल्या माणसाला याहून मोठं काम कुठलं वाटणार.

सराव ते संध्याकाळी करायचे. रोजाचे शेवटचे दोन तास जात नाहीत. मी चण्याची डाळ वाटत, भजीची तयारी करत स्वयंपाकघरात, आणि अब्बा मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत मोठ्याने बोलत. जाळीच्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. रेश्मा म्हणायची, "नाना इज टॉकिंग टु द टोमॅटोज."

ते टोमॅटोंना सांगायचे की उस्मान कापडाचे मोठे व्यापारी, घरात सुबत्ता, आणि स्वभावाने इतके लाजाळू की लोक त्यांच्या लाजेचा आदर करत. पैगंबरांच्या एका मुलीशी त्यांचं लग्न झालं, ती वारली, मग दुसरीशी झालं. म्हणून त्यांना दोन प्रकाशांचा धनी म्हणत. मदिनेत गोड्या पाण्याची एक विहीर होती. तिचा मालक पाणी विकायचा आणि गरिबांचे हाल व्हायचे. उस्मानांनी ती विहीर विकत घेतली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. इथे अब्बा नळीचं पाणी बंद करून थांबायचे. व्याख्यानातही इथे थांबायचं, हे त्यांचं ठरलं होतं.

मग राज्यकारभार. तो ते लपवत नसत. "त्यांच्याही चुका झाल्या," असं ते स्वच्छ म्हणायचे. "नात्यातल्या माणसांना मोठी पदं दिली. लोक नाराज झाले. काही तक्रारी खऱ्या होत्या, काही पेटवलेल्या." मी आतून म्हणाले, "अब्बा, हे कशाला सांगता? इथे सगळे परके लोक."

"परके कोण?" ते म्हणाले. "तू तर म्हणतेस सगळी घरची माणसं आहेत. घरच्यांना अर्धं सांगू?"

शेवट ते हळू आवाजात सांगायचे. बंडखोर मदिनेत आले, म्हाताऱ्या खलिफाच्या घराला वेढा घातला. कित्येक दिवस तो वेढा होता. पाणी तोडलं. ज्याने गावाला विहीर दिली त्याला त्याच गावात घोटभर पाणी मिळेना. तरुण मंडळी तलवारी घेऊन दाराशी उभी होती. उस्मानांनी त्यांना घरी जायला सांगितलं. माझ्यासाठी मदिनेत रक्त सांडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी मारेकरी घरात शिरले तेव्हा ते कुराण वाचत बसले होते. त्या दिवशी त्यांचा रोजा होता म्हणतात. त्यांची बायको नाइला मध्ये पडली, तिने वार हातावर झेलला आणि तिची बोटं तुटली.

मला दर वेळी नाइलापाशी राग यायचा. मी एकदा बाहेर गेले आणि म्हणाले, "त्या पोरांना त्यांनी परत का पाठवलं? तिच्या बोटांचा विचार करायचा ना."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "हा प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "व्याख्यानात कोणीतरी विचारेल. मला उत्तर शोधून ठेवलं पाहिजे."

त्यांना ते सापडलं का, मला माहीत नाही.

मध्ये एकदा शुभदाकडे पॉटलक होतं, घरटी एक पदार्थ. अरविंद हातात प्लेट घेऊन अब्बांच्या शेजारी बसला आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "काका, एक सुचवू का? काही जण म्हणत होते, शिवाजी महाराजांच्या मुसलमान सरदारांवर बोललात तर? लोकांना जास्त अपील होईल."

अब्बा हसले. "तो विषय मी शाळेत आयुष्यभर शिकवलाय. महाराजांवर तुमच्यातलं कोणीही बोलेल आणि छान बोलेल. उस्मानांवर मराठीत बोलणारा मात्र तुम्हाला इथे मी एकटाच सापडेन."

सगळे हसले. शुभदाही हसली. विषय तिथेच संपला असं मला वाटलं. आता मागे वळून पाहते तेव्हा अरविंदचा तो "काही जण" मला ऐकू येतो. त्या वेळी मी भाताची भांडी आवरत होते.

व्याख्यान रविवारी दुपारी होतं. अब्बांनी शनिवारी सदरा स्वतः इस्त्री केला, टोपी ब्रशने झाडली. मी म्हणाले, "रोजा आहे, घसा कोरडा पडेल." ते म्हणाले, "बरंच आहे. कमी बोलेन."

शनिवारी संध्याकाळी शुभदाचा फोन आला. "जरीना, घोळ झाला गं. हॉलचा प्रॉब्लेम आहे, उद्याचं कॅन्सल करावं लागतंय. काकांना सांग, पुढे बघू." तिचा आवाज नेहमीसारखा होता. हे मला नंतर फार लागलं. आवाज जरा जरी अडखळला असता तरी मी तेवढ्यावर तिला पुष्कळ माफ केलं असतं.

मी अब्बांना सांगितलं. "असू दे," ते म्हणाले, आणि सदरा हँगरवर परत लावला. रविवारी ते आणि रेश्मा तळ्यावर बदकं बघायला गेले. मी घर झाडलं.

मंगळवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात बर्वे काका. डॉक्टर मुलाकडे राहायला आलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते सरळ आणि फार भले होते. हातात एक मोठं खरबूज, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. उन्हातून चालत आले होते.

"सरांना बघायला आलो," ते म्हणाले. "आता कसं आहे?"

मला काही कळेना. "अब्बांना? बरं आहे की."

"रविवारी शुभदाने सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. रोजे धरून चक्कर आली म्हणे. या वयात बाई, इतके कडक उपास नकोत. आम्ही सगळे व्याख्यानासाठी आलो होतो. मग ऐनवेळी भावगीतं झाली. पेटी बरी वाजवली त्या मुलाने."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. हॉल होता. माणसं होती. कार्यक्रम झाला होता. आणि माझे वडील आजारी पडले होते. हे चारही एकामागून एक माझ्या डोक्यात शिरले, आणि मी तोंड उघडून बर्वे काकांना खरं सांगणार, एवढ्यात मागे जाळीचं दार वाजलं. अब्बा अंगणातून आत आले होते. बाह्या दुमडलेल्या, पायांना माती, चांगले टुणटुणीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी बाह्या खाली सोडल्या. सावकाश येऊन खुर्चीवर बसले, जरा जास्तच सावकाश.

"या बर्वे साहेब," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय. तुम्ही एवढ्या उन्हात कशाला त्रास घेतलात?"

बर्वे काका त्यांच्यासमोर बसले. उपासात मीठ-साखरेचं पाणी कसं चालवून घ्यावं यावर बोलले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, कोणती गाणी झाली ते विचारलं. दोघं म्हातारे अर्धा तास बोलत बसले, एकाला आजार नव्हता आणि दुसऱ्याला ते माहीत नव्हतं. मी खरबूज स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि नळ सोडून उभी राहिले, म्हणजे माझा आवाज बाहेर जाणार नाही.

ते गेल्यावर मी अब्बांसमोर येऊन उभी राहिले. "तुम्ही रोजात खोटं बोललात."

"हो," ते म्हणाले. "ते माझं मी बघेन."

"कशासाठी पण? तिने फसवलं आपल्याला."

"तो माणूस खरबूज घेऊन आला होता, जरीना. त्याला काय सांगायचं होतं? की ज्यांच्यात तू राहतोस ते असे आहेत? तो इथे मुलाच्या घरी राहतो. त्याला दुसरं कोण आहे?"

"उस्मानांचं झालं तसंच झालं तुमचं," मी म्हणाले. मी रडत होते.

अब्बांचा चेहरा एकदम कडक झाला. वर्गातला चेहरा. "तसं परत म्हणू नकोस. त्यांना जीव द्यावा लागला. माझी एक दुपार गेली."

मी त्याच संध्याकाळी शुभदाकडे गेले. ती ड्राइव्हवेमध्ये गाडीतून किराणा उतरवत होती. मला बघितल्यावर तिने पिशवी खाली ठेवली. तिला कळलं.

"बर्वे काका आले होते," मी म्हणाले.

तिने गाडीची डिकी लावली.

"कोण नको म्हणालं?"

"सात-आठ घरं आहेत गं. म्हणाले, मंडळ कल्चरल आहे, इथे धर्माचं नको. मेंबरशिप सोडू म्हणाले. नावं नको विचारू."

"गॅरेजमध्ये आरास होते ती कल्चरल, ना?"

"मला नको सांगूस, मला कळतं ते. पण तिकडे देशात वातावरण कसं झालंय तू वाचतेस ना. अरविंद अध्यक्ष आहे, त्याची अडचण..."

"मी अरविंदला विचारत नाही. तू काय म्हणालीस?"

ती गाडीच्या दाराला टेकली. "मी म्हणाले, काकांना कळू न देता करूया. त्यांचा अपमान व्हायला नको. तुझ्यासाठीच म्हणाले मी."

"आणि त्यांना आजारी कोणी पाडलं?"

पलीकडच्या लॉनवर कोणाचातरी स्प्रिंकलर फिरत होता.

"मीच," ती म्हणाली. "लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं, जरीना."

मी घरी आले. मगरिबची, रोजा सोडायची वेळ झाली होती. सलीमने खजूर पुढे केला. म्हणाला, "पाणी तरी पी." त्याने काही विचारलं नाही. तो चिपळूणच्या बाजारपेठेत वाढलेला, त्याला या गोष्टींचं माझ्याइतकं आश्चर्य वाटायचं नाही. मला मात्र आश्चर्यच जास्त वाटलं होतं, आणि त्या आश्चर्याचीच लाज वाटत होती. छत्तीस वर्षांची बाई आणि अजून आश्चर्य करतेय.

विश्वासघाताचं मी पुष्कळ वर्षं निरीक्षण केलं आहे. परक्याने मारलेलं विसरता येतं. त्या सात-आठ घरांवर मला राग धरता आला असता तर बरं झालं असतं, पण त्यांची नावंच मला मिळाली नाहीत. त्यामुळे झालं असं की प्रत्येक घर त्यातलं वाटायला लागलं. हळदीकुंकवाला बोलावणारी बाई, वर्गाला मुलं सोडायला येणारे वडील, दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन येणारं जोडपं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, तुम्ही का? शुभदाने नावं लपवून त्यांना वाचवलं आणि मला सगळं गावच्या गाव परकं करून दिलं. रविवारचा वर्ग मी शाळा उघडल्यावर परत सुरू केला नाही. कारण सांगितलं नाही. गॅरेजमधल्या मोकळ्या जागेत सलीमने दुसरी गाडी आणून लावली.

पण त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात अवघड अजून पुढे होतं. ईद झाली, आणि अब्बांची परत जायची तारीख जवळ आली तेव्हा शुभदाचा फोन आला, तो अब्बांनी घेतला. "काका, जायच्या आधी एकदा जेवायला या." मी मानेने नाही म्हणत होते. अब्बा माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "येतो की."

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"तुला मी ये म्हणालो नाही. सलीम सोडेल मला."

ते गेले. पुरणपोळी जेवले. चार तासांनी परत आले. मी विचारलं, "काय बोललात तिच्याशी?"

"तिच्या मुलाला बाराखडी घेतली. ळ म्हणता येत नव्हता त्याला, आता येतो."

"आणि ती?"

"रडली जरा. पोळ्या चांगल्या करते."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझा अपमान झाला होता तो त्यांच्यावरून. मी एक मैत्रीण तोडली होती ती त्यांच्यासाठी. आणि ते तिच्या टेबलाशी बसून, तूप घालून जेवून आले, मला न विचारता. मी मनात कुठेतरी नाइलासारखी मध्ये पडले होते, आणि त्यांनी मला बाजूला करून दार उघडलं होतं. मोठ्या माणसांच्या क्षमेत घरच्यांचं काय होतं, हे कोणी लिहून ठेवत नाही. त्या उन्हाळ्यात मला दोघांनी फसवलं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

शुभदा अजून इथेच आहे, गाडीने दहा मिनिटांवर. अरविंद गेला, सलीम गेला. सलीमच्या वेळी ती आली होती. माझ्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे दुखत होते तरी. तिने माझा हात धरला आणि मी काढून घेतला नाही. पण धरलाही नाही. तिच्या मुलाच्या लग्नाला मी गेले, आहेर दिला, जेवले. लोकांना वाटतं आमचं जुनं सख्य आहे. ते खोटं नाही. फक्त आता तिच्यासमोर मला काही विनोदी सुचत नाही.

अब्बा त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी गेले, हिवाळ्यात. मी पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. वाईच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, आणि शाळेतले त्यांचे जुने सहकारी एकेक करून येत होते. संस्कृत शिकवणारे कुलकर्णी सर भिंतीला टेकून बसले होते. मी आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ये बाळ. तुझ्याकडचं व्याख्यान फार रंगलं म्हणे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणतं व्याख्यान, सर?"

"उस्मानांवरचं. आल्यावर आठवडाभर तेच सांगत होते. हॉल शेवटच्या खुर्चीपर्यंत भरला होता म्हणाले. आणि प्रास्ताविक तुझ्या त्या मैत्रिणीने केलं, काय नाव तिचं..."

"शुभदा," माझा भाऊ मुनीर दारातून म्हणाला. त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

"हां, शुभदा. म्हणाले, परदेशात राहून पोरीचं मराठी स्वच्छ आहे. एकही चूक नाही." कुलकर्णी सर खोलीतल्या इतरांकडे वळले. "आपल्या वाईचा माणूस अमेरिकेत जाऊन मराठीत बोलला, म्हणजे थोडं झालं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या खोलीत ते व्याख्यान ऐकलेली मी एकटीच होते.

"प्रश्नोत्तरं झाली का गं?" एकाने विचारलं. "ते काही सर बोलले नाहीत."

"झाली," मी म्हणाले. "बराच वेळ चालली."

मुनीरच्या बायकोने चहा आणला. कुलकर्णी सरांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि मग न पिताच बशी खाली ठेवली.

"एक मात्र कळलं नाही," ते म्हणाले. "इथे आम्ही सरांच्या किती मागे लागलो. घाटावर मांडव घालतो म्हणालो. तिकडे एवढं रंगलं, मग आपल्या गावात का नाही दिलं ते त्यांनी? दर वेळी टाळायचे. तुला काही बोलले का?"

खोलीतली सगळी माणसं वाईची होती, अब्बांच्या बरोबर म्हातारी झालेली. यांच्यातही सात-आठ घरं निघतात का, हे अब्बांना बघायचं नसावं.

"नाही, सर," मी म्हणाले. "राहून गेलं असेल."